मदत हवी आहे: केळीचं ठिबक, मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा

राम राम मंडळी. चोपडा भागातली केळी, अंतर 5×5 फूट, एकरी 1742 झाडं. झाडाला तासाला 4 लिटरचे दोन ड्रिपर (ठिबकच्या तोट्या), म्हणजे तासाला साधारण 13,900 लिटर, सेकंदाला 3.9 लिटर. विहिरीत पाणी 30 मीटरवर. ड्रिपरला 10 मीटर दाब आणि फिल्टर-पाइपाची घट 8 मीटर धरली तरी 5 हॉर्सपॉवरचा पंप पुरतो. बसवलाय 10 चा! जास्तीचं पाणी बायपासमधून परत विहिरीत पडतं. वीज खर्चून उचललेलं पाणी डोळ्यांदेखत परत जाताना बघवत नाही.

आणि काटकसर कुठे? फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज नाही. दाबातला फरक अर्धा किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर गेला की जाळी धुवायची, पण गेजच नसेल तर कळणार कसं? नळ्यांत आम्ल सोडून क्षार विरघळवायची आम्ल प्रक्रियाही टाळली. पाणी जड, ड्रिपरच्या तोंडावर पांढरा क्षार चढलाय, ओळीच्या शेवटची झाडं तहानलेली.

दोन एकर एकदम चालवावे म्हटलं तर मेन पाइप 63 मिमीचा. त्यात पाण्याचा वेग सेकंदाला पावणेतीन मीटरवर जातो. दीडच्या आत हवा. मग 90 मिमीची मेन टाकावी की पंपच बदलावा? दोन्हींचा खर्च ताडून पाहिलेल्यांनी सांगा.

दुसरं, आम्ल प्रक्रियेला बादलीभर पाण्याचा सामू (pH) 4 येईपर्यंत आम्ल मोजून घेतात (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही). तुमच्याकडच्या विहिरीच्या पाण्याला 10 लिटरमागे किती मिली लागलं?