ठोसेघरच्या आसपास काय बघावं?

कुणीतरी ठोसेघरच्या धबधब्यानंतर तसंच पुढे कासच्या फुलांच्या पठारावर जायचं सुचवलंय. दोन्ही रस्ते साताऱ्यातूनच फुटतात: कास यवतेश्वर घाटाने, तर सज्जनगड-ठोसेघर बोगद्यातून. म्हणजे परत साताऱ्यात यावंच लागतं. कासला वेगळा दिवस द्या. फुलांच्या हंगामात तिथलं बुकिंगही आधी करावं लागतं.

ठोसेघरच्या वाटेवरचा सज्जनगड मात्र चुकवू नका. गाडी बऱ्याच वर जाते, उरलेल्या पायऱ्या चढायच्या. दोन महाद्वारं ओलांडली की राममंदिर, त्याच्या खाली तळघरात समर्थ रामदासांची समाधी. समर्थांनी १६८२ मध्ये इथेच देह ठेवला. पुढे पार टोकाला धाब्याचा मारुती आहे, बरेचजण तिथपर्यंत जातच नाहीत. जावं, उघडीप असेल तर कड्यावरून खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसतं. दुपारी महाप्रसाद असतो, त्या बेताने पोचा. पायथ्याच्या परळीत जुनं शिवमंदिर आहे, तेही बघण्यासारखं.

धबधब्यानंतर पुढे चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. वारा जबरदस्त, तिथे छत्री उलटतेच, रेनकोट घ्या.

ऐन जुलैत धुक्यामुळे धबधब्यासमोरच्या गॅलरीतून नुसता आवाज ऐकू येतो, धार दिसत नाही. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर उत्तम. धुकं आलंच तर गॅलरीत थांबा, वाऱ्याने फाटतं. कठड्यापलीकडे मात्र अजिबात उतरू नका, शेवाळलेल्या दगडावर पाय ठरत नाही.