सल्ला देणाऱ्याला काय मिळत होतं? – अनुभव सांगा

दिवाळीला गावी गेलो होतो, जालना जिल्ह्यात. ओट्यावर चार पोरं मोबाइलात डोकं घालून 'बँकनिफ्टी' (बँकांच्या शेअरच्या निर्देशांकावरचे सौदे) करत बसलेली. सोयाबीनच्या भावावरून दर वर्षी होतं ते भांडणही यंदा ऐकू आलं नाही. एकाला विचारलं, टिप कोण देतो? "सर हैत एक." सरांना यातून काय मिळतं? पोरगं गप्पच झालं. हा प्रश्न त्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

तोच इथं विचारतोय. ज्याच्या शब्दावर तुम्ही पैसे लावले, त्याला त्यात काय सुटत होतं हे तुम्हाला कधी कळलं? आधी, का नंतर? नावं लिहू नका, अनुभव लिहा.

सुरुवात माझ्यापासून. रस्त्यात जमीन गेली, मावेजा आला. आठवड्याच्या आत भावकीतला एकजण पॉलिसीचे कागद घेऊन हजर. पहिल्या हप्त्यातलं त्याचं कमिशन मला चार वर्षांनी कळलं. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "घेतलं त्याचं काही नाही रे. सांगायला पाहिजे होतं."

परभणी, किराणा दुकान
आमचा पिग्मीवाला रोज सातच्या सुमाराला यायचा. मल्टिस्टेट पतसंस्था, व्याज बँकेपेक्षा चांगलं वर. "पाच लाखांपर्यंत विमा असतोच की, शेठ." तो विमा बँकेतल्या ठेवींना असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. शटर पडलं तेव्हा त्याच्या लेकीच्या लग्नाचे पैसेही आतच होते. आता मी दिसलो की तो गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो. त्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नांदेड
मी दुसऱ्या बाजूचा. दीड वर्ष टेलिग्रामवर चॅनल चालवला. डिग्री बी.ए., सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नोंदणी नाही, प्रत्येक पोस्टखाली 'फक्त शैक्षणिक हेतूने' ही ओळ. फसलेली टिप रात्री डिलीट करायची, लागलेली सकाळी पुन्हा वर टाकायची. फी एक रुपया घेत नव्हतो, त्यामुळं लोकांना मी देवमाणूस वाटायचो. कमाई होती ती डिमॅटच्या लिंकमधून. माझ्या लिंकवरून खातं उघडलं की त्या माणसाच्या प्रत्येक सौद्यातल्या दलालीचा हिस्सा मला. तो जिंको नाहीतर हरो, सौदा झाला पाहिजे. म्हणून रोज काहीतरी सांगावंच लागायचं. 'आज काही करू नका' असं मी दीड वर्षात एकदाही लिहिलं नाही.

एका रात्री वसमतच्या एकानं हळदीच्या पट्टीचा फोटो पाठवला. आडत, हमाली, तोलाई वजा होऊन खाली रक्कम. "सर, एवढे आलेत. किती लॉट घेऊ?" मी लिहिलं, "दोन."

पुढं सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा अभ्यास आला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावर लावायचे सौदे, माझ्या टिपा त्यातल्याच) उतरलेल्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. मला पहिल्यांदा ती पट्टी आठवली. चॅनल बंद केला. त्याला फोन काही केला नाही.

धाराशिव
आईची एफडी रिन्यू करायला बँकेत गेले, युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) घेऊन आले. सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. पाच वर्षं पैसे अडकले.

*(धागाकर्ता: फुल्या आमच्याकडंही होत्या!)*

छत्रपती संभाजीनगर
मी सेबीकडं नोंदणी असलेला सल्लागार आहे. २०१३ च्या नियमांखाली आमचा क्रमांक 'आयएनए'नं सुरू होतो. आम्ही अशिलाकडून फी घ्यायची, कंपनीकडून कमिशन नाही. फीचा आकडा सांगितला की लोक अर्धा चहा ठेवून उठतात. "तो दुसरा तर फुकट सांगतो!" फुकट कुठलं? म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाचं कमिशन तुमच्याच पैशांतून दर वर्षी जातं. एक टक्का धरा, दहा लाखांवर वर्षाला दहा हजार. ते कमिशन नसलेले डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून आहेत. वितरकाला मी वाईट म्हणत नाही, उघड धंदा आहे त्याचा.

पण माझंही ऐका. आधी मी फी रकमेवर टक्क्यानं घ्यायचो. शेंद्र्याकडचे एक काका मावेजा घेऊन आले, डोक्यावर ट्रॅक्टरचं कर्ज. आधी कर्ज फेडा, एवढंच सांगायचं होतं. पण फेडलं असतं तर माझ्याकडं सांभाळायला उरलं काय असतं? तिसऱ्या भेटीत सांगितलं. आता ठरीव फी घेतो.

लातूर, मोंढा
लग्नकार्य उरकून चार लाख उरले होते. आमच्या आडत्याला विचारलं, कुठं ठेवू? ते म्हणाले, "मला इचारू नको. मी माझ्याकडंच ठेव म्हणणार. तुला शेकडा एक देईन, दोनानं फिरवीन." मी पोस्टात ठेवले. माल अजून त्यांच्याकडंच घालतो.