‘मूळ फाइल’ म्हणजे कोणती, आणि ‘मालकी’ नेमकी कशाची?

प्रश्न

मी स्वतंत्रपणे डिझाइनची कामं घेते. ‘मूळ फाइल’ आणि ‘मालकी’ या दोन शब्दांनी मला अलीकडे फार मनस्ताप दिला, म्हणून इथे विचारते आहे.

एका सोळा पानी माहितीपत्रकाचं काम संपलं, पैसे मिळाले. मग ग्राहकाचा फोन आला, “मूळ फाइल पाठवा.” मी छपाईला दिलेली पीडीएफ पाठवली. “ही नाही, मूळ.” मला वाटलं, चित्रं धूसर दिसत असतील, म्हणून जास्त रिझोल्यूशनची पीडीएफ करून पाठवली. चौथ्या फोनला उलगडा झाला. त्यांना पुढच्या वर्षी दोन फोटो आणि एक पत्ता स्वतःच बदलायचा होता, म्हणजे इनडिझाइनची (ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी पानं जुळवली त्याची) फाइल हवी होती. करारात मीच लिहिलं होतं, ‘कामाची मालकी ग्राहकाकडे राहील.’ ते त्यावर बोट ठेवून मागत होते. मी म्हणत होते, काम म्हणजे छापलेलं माहितीपत्रक. खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि तरीही संबंध बिघडले.

यासाठी मराठीत नेमके शब्द कोणते वापरावेत?

प्रतिसाद

घोळ ‘मूळ’ या शब्दातच आहे. मूळ म्हणजे झाडाचं मूळ, ज्यातून बाकीचं फुटतं. आणि मूळ म्हणजे अस्सल, जे नक्कल नाही. डिझायनरच्या मनात पहिला अर्थ असतो: थर सुटे असलेली, मजकूर बदलता येणारी फाइल, जिच्यातून पीडीएफ आणि जेपीजी निघतात. ग्राहकाच्या मनात बरेचदा दुसरा असतो: व्हॉट्सॲपवर आकसलेली नको, चांगली द्या. तुमच्या बाबतीत उलटं झालं. ग्राहक पहिल्या अर्थाने बोलत होता आणि तुम्ही दुसरा धरलात.

जुन्या दस्तऐवजांत ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ ही जोडी चालायची, कारण तिथे कागद एकच असे. संगणकातल्या फाइलची प्रत अक्षरशः तिच्यासारखीच असते, त्यामुळे ती जोडी इथे लागूच पडत नाही. ‘स्रोत फाइल’ हा शब्द मला कोशातून उचलल्यासारखा वाटतो, बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. छपाईवाले ‘ओपन फाइल’ म्हणतात, तो चांगला रुळलेला आहे. करारात मात्र सरळ ‘बदल करता येणारी फाइल’ लिहावं आणि पुढे प्रकार सांगावा: पीएसडी (फोटोशॉपची), एआय (इलस्ट्रेटरची), इनडिझाइन. लोगोत तेवढी अडचण उरते. एसव्हीजी (चित्र रेषा-आकारांच्या रूपात साठवणारी फाइल) दिली की ती अंतिम फाइलही असते आणि बदलताही येते.

प्रतिसाद

‘मालकी’बद्दल. मराठीतली षष्ठी फार उदार आहे. ‘माझं पुस्तक’ म्हणजे मी लिहिलेलं की मी विकत घेतलेलं? ‘आमचं माहितीपत्रक’ हे तुम्ही दोघंही म्हणू शकता. म्हणून ‘मालकी’ तोडून तीन शब्द वापरावेत: ताबा, परवाना, कॉपीराइट (कुणी प्रताधिकार म्हणतात). फाइल हातात आली की ताबा मिळाला. ती कुठे, किती काळ, बदलून की न बदलता वापरायची, हा परवाना. कॉपीराइट त्याहून वेगळा. चित्र विकत घेऊन भिंतीवर लावलं म्हणून त्याची पोस्टकार्डं छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

‘स्वाधीन’ हा शब्द तर करारात घालूच नका. ‘फाइल स्वाधीन केली’ म्हणजे दिली. आणि जुन्या पुस्तकांवरचं ‘सर्व हक्क स्वाधीन’ म्हणजे राखून ठेवले!

आणखी एक. कॉपीराइटविषयीचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा. १९०८ साली बर्लिनमध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर त्यात संरक्षणासाठी नोंदणीची अट उरली नाही. त्यामुळे ‘मी नोंदणी केली नाही, म्हणजे माझा हक्कच नाही’ ही समजूत काढून टाका. पगारी नोकरीतलं काम आणि सुटं काम यांत मात्र पहिला हक्क कुणाचा, हे त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘ताबा’ आणि ‘परवाना’ वेगळे केले तेव्हाच माझ्या डोक्यातला गुंता सुटला.

एक भर घालते, कारण ती मला शेवटी फाइल देताना कळली. इनडिझाइनची फाइल एकटी पाठवली तर समोरच्याकडे फोटोंच्या लिंक्स तुटलेल्या दिसतात आणि टाइप बदलतो. पूर्ण पॅकेज, म्हणजे फाइलसोबत फोटो आणि फॉन्टही, द्यावं लागतं. पण त्यातले फॉन्ट मी परवान्यावर घेतलेले आहेत. ते दुसऱ्याला देण्याचा अधिकार बहुतेक परवान्यांत नसतो. जे माझं नाही त्याची मालकी मी कशी देणार? ‘कामाची मालकी’ असं लिहिताना मी हेही देऊन बसले होते, आणि नाकारलेले कच्चे आराखडेसुद्धा.

आता नवा मसुदा असा केला आहे: ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर छपाईची पीडीएफ दिली जाईल आणि ती याच माहितीपत्रकासाठी वापरण्याचा परवाना राहील. बदल करता येणारी फाइल हवी असल्यास तिची रक्कम वेगळी ठरेल. फॉन्टचे परवाने ग्राहकाने स्वतः घ्यावेत. नाकारलेले आराखडे डिझायनरकडेच राहतील.’

यात ‘याच माहितीपत्रकासाठी’ पुरेसं स्पष्ट आहे का? पुढच्या वर्षीची सुधारित आवृत्ती त्यात धरली जाईल, असं मला वाटतं, पण तेही वेगळं लिहावं का?