अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलमध्ये एवढा पैसा येतो कुठनं आणि जातो कुठं?

जुळे_सोलापूरकर:
मंडळी, माझा मामेभाऊ ओहायो स्टेटला एमएस करतोय, परवा त्यानं मॅचचा व्हिडिओ पाठवला, स्टेडियममध्ये लाखावर माणूस आणि खेळणारी सगळी कॉलेजची पोरं! आपला फुटबॉल नाही, ते हेल्मेट घालून बॉल हातात घेऊन पळतात तो. मी इकडं कॉलेजकडनं कबड्डी खेळतो, ट्रॅकसूट आणि एसटीचं भाडं मिळालं तरी आमची पोरं खुश असतात. एवढा पैसा येतो कुठनं, खेळणाऱ्याला काय मिळतं, आणि भावाच्या फीतनं तर हे चालत नाही ना?

होटगीरोड_ते_ह्यूस्टन:
तिकिटं, देणग्या आहेतच पण खरा पैसा टीव्हीचा बघ. आधी कुठली मॅच दाखवायची ते एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना, ठरवायची, १९८४ ला सुप्रीम कोर्टानं ते मोडलं आणि तेव्हापासनं कॉलेजांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, आपापले करार करायला लागले. ओहायो स्टेट ज्या बिग टेनमध्ये आहे त्यांनी २०२२ ला फॉक्स, सीबीएस, एनबीसी या टीव्ही चॅनलांशी सात वर्षांचा करार केला, ७०० कोटी डॉलरच्या वर. याच पैशापायी लॉस एंजेलिसची यूसीएलए आणि यूएससी २०२४ पासनं त्यात आली, आता तिथली पोरं मॅचला पार न्यू जर्सीपर्यंत विमानानं जातात, अभ्यास सांभाळून.
आणि जातो कुठं तर कोचकडं. टेक्सास ए अँड एम कॉलेजनं २०२३ ला कोच जिम्बो फिशरला काढलं तेव्हा करार मध्येच मोडला म्हणून त्याला साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल करावं लागलं, आपले सहाशे कोटींच्या वर झाले, तेही काम न करण्याचे! खेळाडूला पगार द्यायचा नाही असा नियम होता ना, मग पैसा कोच, लॉकर रूम, नवीन बिल्डिंग यातच मुरणार.

बाळीवेस_अकाउंट्स:
पण दादा, पोरांना काहीच नव्हतं असं नाही, फी, राहणं, जेवण सगळं स्कॉलरशिपमध्ये, तिथली फी बघता ती मोठीच रक्कम आहे. आणि आता चित्र बदललंय. जुलै २०२१ पासनं पोरं स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवू शकतात. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाउस नावाच्या खटल्याची तडजोड जून २०२५ ला मंजूर झाली, जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून २८० कोटी डॉलर, आणि २०२५-२६ पासनं कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे वाटू शकतं, त्या पहिल्या वर्षाला मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची होती.
फीचं म्हणशील तर मोठी कॉलेजं खेळ बरेचसे खेळांच्याच कमाईवर चालवतात. लहान कॉलेजांचे ताळेबंद बघ, तिथं विद्यार्थ्यांकडनं ॲथलेटिक्स फी घेऊन आणि कॉलेजच्या तिजोरीतनं खड्डा बुजवतात. भावाला फीची पावती ओळ न ओळ वाचायला सांग.

पार्क_मैदान_पीटीसर:
पोरांनो, माझी काळजी वेगळीच आहे. पोहणं, कुस्ती, जिम्नॅस्टिक हे खेळ तिकडं फुटबॉलच्या पैशावर जगतात, अमेरिकेचे कितीतरी ऑलिम्पिक खेळाडू याच कॉलेजांतनं येतात. आता वाटणीतला मोठा हिस्सा फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या पोरांना जाणार, मग कात्री कुणाला लागणार? स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत कॉलेजनं २०२० ला ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं, माजी खेळाडू पेटून उठले तेव्हा पुढच्या वर्षी निर्णय मागं घेतला. खेळाडूला त्याच्या घामाचे पैसे मिळालेच पाहिजेत, त्यात दुमत नाही, पण ते कोचच्या आकड्यातनं काढा ना, कुस्तीच्या मॅटवरनं कशाला?

जुळे_सोलापूरकर:
सर, पटलं. भावाला पावती मागितलीय, आली की ॲथलेटिक्सची ओळ आहे का नाही ते इथंच टाकतो.