अमराठी सहकाऱ्यांसाठी मराठी संभाषण वर्ग: परीक्षा आणि श्रेयांक नसताना तो टिकवावा कसा?

प्रश्न (आस्थापना विभागातील कर्मचारी, पुणे)
नमस्कार. आमच्या केंद्रीय शिक्षणसंस्थेत अध्यापक, तंत्रज्ञ आणि कार्यालयीन कर्मचारी देशभरातून येतात. व्यवहारापुरती मराठी बोलता यावी अशी इच्छा त्यांपैकी अनेकांनी व्यक्त केल्यामुळे, आठवड्यातून दोनदा एक तासाचा वर्ग घेण्याचा प्रस्ताव मी तयार करीत आहे. विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात एका श्रेयांकासाठी साधारण १५ तासांचे अध्यापन धरतात आणि शेवटी परीक्षा असते. येथे श्रेयांक नाही, परीक्षा नाही आणि सेवापुस्तकात नोंदही होणार नाही. अशा वर्गाला लोक शेवटपर्यंत येत राहावेत यासाठी तो कसा आखावा? सुरुवात बाराखडीपासून करावी का?

उत्तर (अमराठी प्रौढांना मराठी शिकवणारी शिक्षिका)
बाराखडीपासून मुळीच करू नये. हिंदी भाषकाला देवनागरी येतेच, आणि तमिळ किंवा बंगाली भाषकाचा लिपी गिरवण्यात इतका वेळ जातो की बोलण्याची उमेदच मावळते. त्याच दुपारी त्याच इमारतीत उपयोगी पडतील अशी वाक्ये पहिल्या तासाला द्यावीत: ‘हे बिल कुठे जमा करायचं?’, ‘साहेब जागेवर आहेत का?’, ‘प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे आहे?’ परीक्षा नसलेल्या वर्गात माणसाला परत आणणारी गोष्ट एकच, ती म्हणजे शिकलेले वाक्य लगेच कामी आल्याचा अनुभव. सामान्यरूपाचे, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या बदलणाऱ्या रूपाचे, तक्ते वाटू नयेत. ‘दुकानात’, ‘शाळेतून’, ‘खिडकीपाशी’ ही रूपे पुरेशी कानावर पडली की नियम दोन मिनिटांत सांगता येतो. शक्य असल्यास हिंदी भाषकांची तुकडी वेगळी करावी, कारण त्यांना निम्मे आधीच समजत असते आणि त्यांच्या वेगापुढे बाकीचे गप्प बसतात.

उत्तर (ग्रंथालय कर्मचारी, मातृभाषा मल्याळम)
‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद, तसेच ‘ळ’चा उच्चार मला शिकावा लागला नाही, कारण दोन्ही आमच्या भाषेत आहेत. मात्र मल्याळम क्रियापद लिंगानुसार बदलत नसल्यामुळे ‘कागद दिला’, ‘फाइल दिली’, ‘पुस्तक दिलं’ यांनी मला फार छळले. तरीही मोठी अडचण वर्गाबाहेरची होती: मी मराठीत एक वाक्य बोललो की मराठी सहकारी, माझी सोय व्हावी या चांगल्या हेतूनेच, ताबडतोब हिंदीत उत्तर देत. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की प्रत्येक शिकणाऱ्याला त्याच्याच विभागातील एक मराठी जोडीदार द्यावा, आणि शिकणाऱ्याच्या कितीही चुका झाल्या तरी जोडीदाराने मराठी सोडू नये.

उत्तर (निवृत्त कार्यालय अधीक्षक)
वर्ग कार्यालयीन वेळेतच ठेवावा आणि तसे परिपत्रक काढावे. संध्याकाळच्या वर्गाला पाळीत काम करणारे, लांबून बसने येणारे आणि घरी लहान मुले असलेले कर्मचारी येऊ शकत नाहीत. मग आवारातील निवासस्थानांत राहणाऱ्यांपुरताच तो उरतो.

प्रश्नकर्ता
तिघांचेही मनापासून आभार. जोडीदारांनाही त्या तासाची सवलत मिळावी, असे कलम प्रस्तावात घालत आहे. बाई, त्यांना वर्गात बोलवावे का?

उत्तर (शिक्षिका)
पहिल्या तासाला अवश्य बोलवावे. सावकाश बोलणे आणि समोरच्याचे वाक्य त्यालाच पूर्ण करू देणे, या दोन गोष्टींचा सराव त्यांच्याकडूनही करून घ्यावा लागतो.