पायोग्लिटाझोन घेताना पायांकडे लक्ष ठेवा
तुमच्या वडिलांच्या डायबेटिस आणि फॅटी लिव्हरच्या प्रश्नावर वर एकाने म्हटलंय, की मेटफॉर्मिन (साखरेची नेहमीची गोळी) चालू असलं की लिव्हरची चरबीही उतरते; ते पटत नाही. साखर उतरते, पण चरबीमुळे लिव्हरला आलेली सूज त्याने कमी होते असं बायोप्सीच्या (लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासण्याच्या) अभ्यासांत दिसलेलं नाही. पायोग्लिटाझोन या डायबेटिसच्याच दुसऱ्या गोळीने मात्र दिसलंय, आणि ती गोळी स्वस्तही आहे.

माझ्या आईला तीच दिली होती. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) खाली आला, पण दोन महिन्यांत चपलेचा पट्टा पायात रुतायला लागला, वजन ३ किलो वाढलं. या गोळीने अंगात पाणी साठू शकतं, म्हणून हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं) असलेल्यांना ती देत नाहीत. तुमच्या वडिलांना सुरू केलीच, तर रोज सकाळी वजन लिहून ठेवा. नडगीवर अंगठा दाबून बघा. खड्डा राहिला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.