रेंज नसताना मॉड्यूलची माहिती टर्मिनलवरच कशी वाचता?

वावरातला_कोडर
राम राम मंडळी. यवतमाळ जिल्हा, आर्णी तालुका. रेंज हवी तर डांबरी रस्त्यापर्यंत जावं लागतं, घरात नाहीच. उबुंटूवर पायथन शिकतोय, कापसाच्या भावाच्या सीएसव्ही फायली जुळवायच्या आहेत. दर फंक्शनला गूगल करणं जमत नाही. नेटशिवाय वाचायला काय वापरता?

पऱ्हाटी
पायडॉक, भाऊ. मॉड्यूलची माहिती दाखवणारं साधन, पायथनसोबतच येते. 'पायथन३ -एम पायडॉक सीएसव्ही' टाका (इंग्रजी अक्षरांत, सांगायला नको). एकाच मेथडचं पाहिजे असलं तर 'एसटीआर.स्प्लिट' असं पूर्ण नाव द्या. आत शोधायला तिरकी रेघ मारून शब्द, पुढच्या जागी जायला एन, बाहेर पडायला क्यू. हा क्यू कोणी सांगत नाही, अन् पोरं खिडकीच बंद करून टाकतात.

मॉड्यूलचं (तयार कोडच्या फायलीचं) नावच आठवत नसलं तर '-के' अन् एखादा शब्द. वेळ खाते, पण सापडते.

जुना_पर्लवाला
पायडॉकला मर्यादा आहे. कोडात जी डॉकस्ट्रिंग (कोडातच लिहिलेलं वर्णन) लिहिलेली असते तेवढीच ते दाखवतं. लिहिणाऱ्याने हात आखडता घेतला की तुम्हीही कोरडेच. उदाहरणांसकट वाचायचं असेल तर रेंजमध्ये गेलात की 'पायथन३-डॉक' पॅकेज उतरवून घ्या. अधिकृत माहिती एचटीएमएलमध्ये डिस्कवर येते, ब्राउझरमध्ये उघडा, नेट लागत नाही.

या बाबतीत पर्ल ही दुसरी भाषा सुखी. 'पर्लडॉक -एफ स्प्लिट' म्हटलं की एका फंक्शनचं, '-क्यू' म्हटलं की नेहमीच्या प्रश्नांत शोध. फक्त उबुंटूवर 'पर्ल-डॉक' वेगळं टाकावं लागतं.

वावरातला_कोडर
सीएसव्हीचं मस्त दिसलं! पण पांडाज (तक्त्यांच्या कामाचं पायथन पॅकेज) विचारलं तर माहितीच सापडत नाही म्हणते. टाकलेलं तर हाये.

पऱ्हाटी
व्हेन्व्हमध्ये (एका कामापुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) टाकलं असन. ते आधी चालू करा, मग 'पायथन -एम पायडॉक पांडाज'. नुसतं 'पायडॉक३' लिहू नका, ते सिस्टीमच्या पायथनकडं जाते, अन् तुमचं पांडाज त्याले दिसत नाही.

जुना_पर्लवाला
आणखी एक. पायडॉक मॉड्यूल आधी इंपोर्ट करतं, मग माहिती काढतं. स्वतःच्या स्क्रिप्टचं नाव दिलंत आणि त्यात फायली पुसणारा कोड मोकळाच पडलेला असला, तर तो चालून जाईल. असला कोड फंक्शनमध्ये टाका, आणि ते 'इफ नेम मेन'च्या (फाईल थेट चालवली तरच चालणाऱ्या भागाच्या) खालूनच बोलवा.